पोलीस, इमिग्रेशन आणि नागरिकाचे हक्क : अमेरिकेतल्या मराठी मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रस्त्यात थांबवलेला माणूस अमेरिकेचा नागरिक आहे की नाही, हे त्याच्या तोंडाकडे पाहून कळत नाही. इमिग्रेशनच्या कारवाईवरून तिथे जे घटनात्मक वाद पेटतात, त्यांतले बहुतेक या एका अडचणीतून निघतात. खालची उत्तरंही बरीचशी फिरून तिथेच येतील. ही कायद्याची सर्वसाधारण माहिती आहे. प्रत्यक्ष प्रसंग ओढवला तर वकील गाठा, व्हॉट्सॲपवरच्या काकांना विचारत बसू नका.

आम्ही तर नागरिक आहोत. धाडी-बिडी ज्यांच्याकडे कागद नाहीत त्यांच्यासाठी. आमचा काय संबंध?

कागद आहेत की नाहीत हे कळण्याआधी कुणीतरी तुम्हाला थांबवलेलं असतं. संबंध तिथे येतो. अटक, तुरुंग, हद्दपारी या पुढच्या गोष्टी. पहिल्या मिनिटात अधिकाऱ्यासमोर असतो तो फक्त एक सावळा माणूस, त्याचा उच्चार, त्याची गाडी आणि तो उभा असलेली जागा. अधिकाऱ्याने कुणाला थांबवावं याचा नियम सैल असेल, तर त्या सैलपणाची किंमत नागरिकही मोजतो.

भारतीयांनी तर हे विसरूच नये. भगतसिंग थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. त्यांना नागरिकत्व मिळालं होतं. १९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे ते ‘गोरे’ ठरत नाहीत, म्हणून नागरिकत्वाला पात्र नाहीत. त्या निकालाच्या आधारावर इतरही भारतीयांची नागरिकत्वं काढून घेण्यात आली. भारतीयांना नागरिक होण्याचा रस्ता खुला झाला तो १९४६ च्या कायद्याने. मधल्या काळात, १९४२ साली, जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना छावण्यांत डांबलं, त्यांतले दोन तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक होते. सरकारने त्याबद्दल माफी मागून हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले, पण १९८८ च्या कायद्यानंतर. म्हणजे नागरिकत्वाचा कागद हातात असूनही चेहऱ्यावरून न्याय झाल्याची उदाहरणं तिथल्या इतिहासात भरपूर आहेत.

राज्यघटनेचं संरक्षण फक्त नागरिकांनाच आहे ना?

नाही. मतदानासारखे काही हक्क नागरिकांचे आहेत. पण कायद्याचं समान संरक्षण आणि रीतसर न्यायप्रक्रिया यांबाबत घटना ‘व्यक्ती’ असा शब्द वापरते. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी धोब्यांच्या खटल्यात न्यायालयाने हे १८८६ मध्येच सांगितलं. १९८२ मध्ये टेक्सासच्या एका कायद्याबाबत तेच तत्त्व लागू झालं, आणि कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही सरकारी शाळेत मोफत शिकू द्यावं लागेल असा निकाल लागला.

‘परक्यांना कशाला हक्क?’ हा प्रश्न आपल्यातही पुष्कळांना पडतो. परक्याला हक्क नसता तर ‘मी परका नाही’ हे सिद्ध करायची संधी तुम्हाला तरी कुठे मिळाली असती?

कागदपत्रांशिवाय राहणं गुन्हा आहे की नाही?

दोन गोष्टी वेगळ्या करा. सीमेवरची तपासणी चुकवून देशात शिरणं हा फौजदारी गुन्हा आहे, आणि एकदा हद्दपार झाल्यावर चोरून परत येणं हा त्याहून मोठा. पण व्हिसा घेऊन रीतसर आलेला माणूस मुदत संपल्यावरही राहिला, तर ते दिवाणी स्वरूपाचं उल्लंघन असतं. त्याला हद्दपार करता येतं, पण केवळ तेवढ्यासाठी तो गुन्हेगार ठरत नाही. ॲरिझोनाच्या २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट शब्दांत लिहिलं : हद्दपारीस पात्र असलेल्या परकीयाचं देशात असणं हा सर्वसाधारणपणे गुन्हा नाही.

हा फरक पोलिसांच्या दृष्टीने कळीचा आहे. गावचा पोलीस गुन्ह्यांसाठी नेमलेला असतो. दिवाणी उल्लंघनासाठी माणूस पकडायचा अधिकार त्याच्याकडे आपोआप येत नाही.

मग शहराचे पोलीस किंवा काउंटीचा शेरीफ इमिग्रेशनचं काम करतात, ते कोणत्या अधिकारात?

इमिग्रेशन हा केंद्राचा, म्हणजे फेडरल सरकारचा विषय आहे. ॲरिझोनाने २०१० साली ‘एसबी १०७०’ नावाचा कायदा करून त्यात हात घातला. २५ जून २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्याची तीन कलमं उडवली. नोंदणीचे कागद जवळ न बाळगणं हा राज्याचा गुन्हा ठरवणं, विनापरवाना काम शोधणाऱ्यावर फौजदारी लावणं आणि हद्दपारीस पात्र वाटणाऱ्याला पोलिसाने वॉरंटशिवाय अटक करणं, ही ती तीन. चौथं मात्र राहिलं. कायदेशीर कारणाने थांबवलेल्या माणसाबद्दल रास्त संशय असेल तर त्याच्या इमिग्रेशनच्या स्थितीची चौकशी फेडरल यंत्रणेकडे करायची, असं ते कलम. त्यासाठी माणसाला ताटकळत ठेवलं तर घटनात्मक अडचण येईल, असा इशाराही न्यायालयाने सोबत दिला.

दुसरा रस्ता कराराचा. १९९६ च्या कायद्याने इमिग्रेशन ॲक्टमध्ये कलम २८७(जी) घातलं. त्याखाली स्थानिक पोलीस खातं इमिग्रेशन कायदा राबवणाऱ्या ‘आइस’ या फेडरल संस्थेशी करार करतं, त्यांचे काही लोक प्रशिक्षण घेतात आणि आइसच्या देखरेखीखाली इमिग्रेशन अधिकाऱ्याची काही कामं करतात. पहिला करार २००२ मध्ये फ्लोरिडाशी झाला. या करारांचे प्रकार आहेत आणि ते एका मापाने मोजू नयेत. एका प्रकारात तुरुंगात आधीच आणलेल्या माणसाची तपासणी होते. दुसऱ्या प्रकारात पोलीस रस्त्यावर, रोजच्या गस्तीत इमिग्रेशनचे प्रश्न विचारू शकतात. हा रस्त्यावरचा प्रकार २०१२ च्या सुमारास तक्रारींनंतर बंद केला गेला होता, तो २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाला. त्या वर्षाच्या सुरुवातीला दीडशेच्या आत असलेली एकूण करारांची संख्या वर्षभरातच हजारापलीकडे गेली. फ्लोरिडात तर तुरुंग चालवणाऱ्या शेरीफना करार करणं राज्याच्या कायद्यानेच भाग आहे.

माझं मत विचाराल तर तुरुंगातली तपासणी आणि रस्त्यावरची विचारपूस यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलीत माणूस आधीच कुठल्यातरी गुन्ह्याच्या आरोपावरून आत आलेला असतो. दुसरीत सुरुवातच अंदाजाने होते. शिवाय मागचा दिवा बंद असल्याचं निमित्त कुठल्याही गाडीत सापडतंच.

‘सँक्चुअरी’ शहरं, म्हणजे इमिग्रेशनच्या कारवाईत केंद्राला मदत न करण्याचं धोरण ठेवणारी शहरं, फेडरल कायदा मोडतात का?

फेडरल अधिकाऱ्याला आडवं जाणं, आरोपीला लपवणं हे कुणालाच करता येत नाही. पण फेडरल काम स्वतःच्या माणसांकरवी, स्वतःच्या पैशाने करून द्यायला शहर नकार देऊ शकतं. हे तत्त्व दहाव्या घटनादुरुस्तीतून येतं. यातली गंमत अशी, की या तत्त्वाचा आजचा मोठा आधार असलेला १९९७ चा प्रिंट्झ खटला बंदुकांचा होता. पिस्तूल विकत घेणाऱ्यांची पार्श्वभूमी तपासायचं काम केंद्राने स्थानिक शेरीफांवर टाकलं, मोंटाना आणि ॲरिझोनाच्या शेरीफांनी हरकत घेतली, आणि न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी निकाल दिला की केंद्राला राज्यांचे अधिकारी असे जुंपता येत नाहीत. बंदूकवाल्यांनी मिळवलेला निकाल आज सँक्चुअरी धोरणाच्या कॅलिफोर्नियाच्या कामी येतो. नागरिकत्व किंवा इमिग्रेशनच्या स्थितीची माहिती केंद्राला देण्यावर बंदी घालू नये असं सांगणारं १९९६ चं एक कलम मात्र आहे. त्याच्या व्याप्तीवरून कोर्टबाजी चालत आली आहे.

ही धोरणं फक्त डाव्यांची टूम आहे असंही नाही. लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी ‘स्पेशल ऑर्डर ४०’ काढली ती १९७९ मध्ये, डॅरिल गेट्स प्रमुख असताना. केवळ इमिग्रेशनची स्थिती शोधण्यासाठी पोलिसांनी कारवाई सुरू करू नये, असं तिच्यात होतं. गेट्स काही मवाळ म्हणून प्रसिद्ध नव्हते. त्यांचा हिशोब पोलिसी होता : साक्षीदार पुढे आला नाही तर खून उलगडत नाही. अमेरिकन काँग्रेसनेही २००० साली ‘यू व्हिसा’ आणला. काही गंभीर गुन्ह्यांना बळी पडलेले आणि तपासात मदत करणारे लोक, कागद नसले तरी, त्याला पात्र ठरतात. वर्षाला १०,००० ची मर्यादा आहे आणि रांग फार मोठी आहे.

ट्रॅफिकमध्ये थांबवल्यावर ‘तुमचा जन्म कुठला?’ असं विचारलं तर?

चालकाने लायसन्स, गाडीची नोंदणी आणि विमा दाखवावाच लागतो. जन्म कुठे झाला, नागरिक आहात का, देशात कसे आलात, या प्रश्नांना उत्तर न देण्याचा हक्क पाचव्या घटनादुरुस्तीने दिलेला आहे. शांतपणे सांगा की या प्रश्नांची उत्तरं द्यायची नाहीत. नुसतं गप्प राहणं हे संशयाचं पुरेसं कारण ठरत नाही. शेजारच्या सीटवर बसलेल्यानेही ‘ॲम आय फ्री टू गो?’ असं विचारून ठेवावं. ‘हो’ म्हणाले तर निघावं. काही राज्यांत रास्त संशयावरून थांबवलेल्या माणसाने आपलं नाव सांगणं बंधनकारक आहे. नेवाडाचा तसा कायदा सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये मान्य केला.

आणखी एक मर्यादा. २०१५ च्या रॉड्रिग्ज खटल्यात ठरलं की ज्या कारणासाठी गाडी थांबवली ते काम आटोपलं की थांबवणं संपलं. नव्या रास्त संशयाशिवाय एरवीच्या चौकशीसाठी वेळ ताणता येत नाही. तो खटला अमली पदार्थ हुंगणाऱ्या कुत्र्याचा होता आणि ताणलेला वेळ जेमतेम सात-आठ मिनिटांचा. तेवढाही चालला नाही.

मात्र गप्प राहणं वेगळं आणि खोटं बोलणं वेगळं. नागरिक नसताना ‘मी सिटिझन आहे’ म्हणणं हा फेडरल गुन्हा आहे, आणि ग्रीन कार्डवाल्याची आयुष्यभराची वाट त्याने लागू शकते. घाबरून कधीही म्हणू नका.

नागरिकाने पासपोर्ट जवळ बाळगावा का?

कायद्याने सक्ती नाही. नोंदणीचा पुरावा जवळ ठेवण्याची सक्ती आहे ती १८ वर्षं पूर्ण झालेल्या परकीय नागरिकांवर. म्हणजे ग्रीन कार्डधारकाने मूळ कार्ड आणि एच-वन-बी वाल्यांनी आय-९४ ची, म्हणजे देशात प्रवेश केल्याच्या सरकारी नोंदीची, प्रत सोबत ठेवायलाच हवी. अनेक मराठी घरांत ग्रीन कार्ड बँकेच्या लॉकरमध्ये असतं. काढा ते.

लायसन्सवर चांदणी असली, म्हणजे ते ‘रिअल आयडी’ असलं, की नागरिकत्व सिद्ध झालं, असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही. व्हिसावर कायदेशीर राहणाऱ्यालाही रिअल आयडी मिळतं. मिशिगन, मिनेसोटा, न्यूयॉर्क, व्हर्मॉंट आणि वॉशिंग्टन या पाच राज्यांची ‘एन्हान्स्ड’ लायसन्सं मात्र नागरिकांनाच देतात.

व्यवहार म्हणून पासपोर्ट कार्ड पाकिटात असलेलं बरं, कारण ते क्रेडिट कार्डाएवढं असतं आणि वाद लवकर मिटतो. पण ‘ठेवलं तर काय बिघडलं?’ हे मला पटत नाही. आडनाव जोन्स असलेला शेजारी पाकिटात काय घेऊन फिरायचं याचा विचारही करत नाही. एकाने कागद बाळगायचा आणि दुसऱ्याने नाही, असे नागरिकांचे दोन वर्ग घटनेत कुठेही नाहीत. सोयीसाठी कार्ड ठेवा, पण ते कर्तव्य आहे असं मुलांना शिकवू नका.

रंगावरून, उच्चारावरून थांबवता येतं का?

या एका प्रश्नावर कायदा आज सर्वांत अस्थिर आहे, म्हणून जरा सविस्तर.

१९६८ पासून नियम असा की पोलिसाने एखाद्याला थोडा वेळ थांबवायचं तर त्या विशिष्ट माणसाबद्दल, सांगता येतील अशा गोष्टींवर आधारलेला रास्त संशय हवा. १९७५ च्या ब्रिग्नोनी-पॉन्स खटल्यात सीमा गस्ती दलाने कॅलिफोर्नियात एक गाडी थांबवली होती. कारण एकच : आतले लोक मेक्सिकन दिसत होते. न्यायालय म्हणालं, एवढं पुरेसं नाही. पण त्याच निकालात एक फट राहिली. दिसणं हे एकमेव कारण होऊ शकत नाही, तरी अनेक कारणांपैकी एक म्हणून विचारात घेता येईल, असं न्यायालयाने म्हटलं.

त्या फटीतून पुढे काय काय शिरलं ते ॲरिझोनातल्या मॅरिकोपा काउंटीत दिसलं. तिथले शेरीफ जो अर्पायो यांनी बेकायदा स्थलांतरितांना शोधण्यासाठी वर्षानुवर्षं ट्रॅफिकच्या मोहिमा चालवल्या. २०१३ मध्ये फेडरल न्यायाधीश मरे स्नो यांनी निकाल दिला की त्या खात्याने लॅटिनो लोकांना वंशावरून लक्ष्य केलं आणि चौथ्या व चौदाव्या घटनादुरुस्तीचा भंग केला. अडवल्या गेलेल्यांत अमेरिकन नागरिकही होते. न्यायालयाचा हुकूम डावलल्याबद्दल अर्पायो २०१७ च्या जुलैमध्ये दोषी ठरले आणि ऑगस्टमध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी त्यांना माफी दिली. खात्यावर बसवलेल्या देखरेखीचे कोट्यवधी डॉलर मात्र काउंटीच्या करदात्यांनी भरले, त्यात अडवले गेलेलेही आले.

मग २०२५ चा उन्हाळा. लॉस एंजेलिस परिसरातल्या धाडींवरून खटला झाला. जुलैमध्ये जिल्हा न्यायालयाने आदेश दिला की चार गोष्टींवरून, एकेकट्या घेऊन किंवा फक्त त्या चार एकत्र करून, कुणाला थांबवू नका : वंश किंवा वर्ण, स्पॅनिश बोलणं किंवा उच्चारासह इंग्रजी बोलणं, कार-वॉश किंवा मजूर जमतात तशा जागी असणं, आणि कामाचा प्रकार. ८ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कारणं न देता तो आदेश स्थगित केला. न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी स्वतंत्रपणे लिहिलं की वंश एकटा पुरेसा नाही, पण इतर गोष्टींबरोबर विचारात घेता येतो, आणि कायदेशीर राहणाऱ्यांना अशी थोडक्यात चौकशी करून सोडून देतात. न्यायमूर्ती सोटोमायोर यांनी कडक विरोधी मत नोंदवलं, केगन आणि जॅक्सन त्यांच्या बाजूने होत्या.

हा अंतिम निकाल नव्हता, केवळ स्थगिती होती. पण त्या चार गोष्टी पुन्हा वाचा. वर्ण, उच्चार, जागा, काम. आपल्यातला एखादा गॅस स्टेशनवर किंवा मोटेलमध्ये काम करणारा नागरिक त्यांतल्या तीनांत तरी सहज बसतो. ‘थोडक्यात चौकशी’ ही न्यायालयाच्या खुर्चीवरून थोडक्यातली वाटते. तोंड झाकलेली चार माणसं हात मागे वळवून विचारतात तेव्हा ती तशी वाटत नाही.

दारावर थाप पडली आणि ‘पोलीस’ म्हणाले तर?

घर ही जागा घटनेने सर्वाधिक जपलेली आहे. दार उघडण्याची घाई करू नका. इमिग्रेशन अधिकाऱ्यांच्या जाकिटावरही ‘पोलीस’ असं लिहिलेलं असू शकतं, म्हणून आधी कोण आहात, कोणत्या खात्याचे आहात ते विचारा. वॉरंट असेल तर दाराखालून सरकवायला किंवा खिडकीला लावून दाखवायला सांगा.

वॉरंट दोन जातींचं असतं. एकावर न्यायालयाचं नाव, न्यायाधीशाची सही आणि तुमचा अचूक पत्ता असतो. त्याने घरात येता येतं. दुसरं प्रशासकीय : आय-२०० किंवा आय-२०५ नावाचा फॉर्म, वर होमलँड सिक्युरिटी खात्याचं नाव आणि खाली त्याच खात्याच्या अधिकाऱ्याची सही. न्यायाधीशाने तो पाहिलेलाही नसतो. अशा कागदाने माणूस बाहेर, सार्वजनिक जागी पकडता येतो. घरात शिरायचं तर संमती लागते, ही न्यायालयांची जुनी भूमिका आहे. दार सताड उघडून बाजूला होणं हेही संमती म्हणून मांडलं जाऊ शकतं. घरातल्या पाहुण्यांना, पेइंग गेस्टला, शाळकरी मुलांना हे आधीच सांगून ठेवा, कारण दार बहुधा तेच उघडतात.

तरीही आत आलेच तर अंगावर जाऊ नका, वाट अडवू नका. ‘माझी संमती नाही’ एवढं मोठ्याने म्हणा. पुढची लढाई कोर्टात.

दुकानाचा किंवा रेस्टॉरंटचा गिऱ्हाइकांना खुला असलेला भाग घराइतका सुरक्षित नाही, तिथे कुणीही येऊ शकतं. स्वयंपाकघर, ऑफिस, गोदाम इथे मात्र परवानगी किंवा न्यायाधीशाचं वॉरंट हवं.

सीमेपासून शंभर मैलांत घटना लागू नाही, हे खरं का?

खोटं, पण अगदीच निराधार नाही. सीमा गस्ती दलाला सरकारी नियमाने बाह्य सीमेपासून १०० मैलांच्या आत वॉरंटशिवाय वाहनं तपासण्याचे जादा अधिकार आहेत, आणि समुद्रकिनाराही बाह्य सीमेतच मोजला जातो. म्हणजे न्यूयॉर्क, बोस्टन, ह्यूस्टन, लॉस एंजेलिस सगळी आत. मात्र फिरत्या गस्तीला तिथेही रास्त संशय लागतो आणि गाडीची झडती घ्यायला त्याहून सबळ कारण लागतं. कायमच्या चेकपोस्टवर थोडा वेळ थांबवून प्रश्न विचारायला संशयही लागत नाही, हे १९७६ मध्ये ठरलं. २५ मैलांच्या आत खाजगी जमिनीवर जाता येतं, पण राहत्या घरात नाही.

नागरिक असूनही तुरुंगात अडकतात ते कसे?

आज कुणालाही अटक करून बोटांचे ठसे घेतले की ते एफबीआयकडे आणि तिथून आपोआप होमलँड सिक्युरिटीकडे जातात. जुन्या नोंदीत माणूस ‘परकीय’ दिसला की आइस त्या तुरुंगाला ‘डिटेनर’ पाठवते : सुटका व्हायच्या वेळी याला आणखी ४८ तासांपर्यंत धरून ठेवा. ही विनंती असते, हुकूम नव्हे. न्यू जर्सीत जन्मलेल्या एका नागरिकाला पेन्सिल्व्हेनियातल्या काउंटीने अशाच कागदावरून जामिनानंतरही डांबून ठेवलं. त्याच्या खटल्यात २०१४ साली फेडरल अपील न्यायालयाने सांगितलं की डिटेनर पाळणं काउंटीवर बंधनकारक नव्हतं, म्हणून जबाबदारीही काउंटी झटकू शकत नाही. मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरवलं की राज्याच्या कायद्यात केवळ डिटेनरवर माणूस धरण्याचा अधिकारच नाही.

संख्या किती? सरकारी हिशोब तपासणाऱ्या ‘गाओ’ संस्थेने २०२१ मध्ये अहवाल दिला. २०१५ च्या आर्थिक वर्षापासून २०२० च्या मध्यापर्यंत आइसने नागरिक असण्याची शक्यता असलेल्या ६७४ जणांना अटक केली, १२१ जणांना कोठडीत ठेवलं आणि ७० जणांना देशाबाहेर काढलं. आणि ही नोंद यंत्रणा स्वतः नीट ठेवतच नाही, हे त्याच अहवालात आहे.

मराठी घरांनी यातून एक गोष्ट घ्यावी. भारतात जन्मलेलं मूल ग्रीन कार्डवर अमेरिकेत आलं, आणि ते १८ वर्षांचं होण्याआधी, ज्या पालकाच्या ताब्यात ते राहतं तो पालक नागरिक झाला, की २००० च्या ‘चाइल्ड सिटिझनशिप ॲक्ट’प्रमाणे मूलही त्याच क्षणी नागरिक होतं. शपथ नाही, समारंभ नाही. आणि आपोआप कुठलंही प्रमाणपत्रही येत नाही! सरकारी नोंदीत ते मूल तसंच ‘ग्रीन कार्डधारक’ राहतं. वीस वर्षांनी कुठल्यातरी किरकोळ प्रकरणात ठसे घेतले की संगणक त्याला परकीयच म्हणणार. त्यामुळे अशा मुलाचा अमेरिकन पासपोर्ट ताबडतोब काढा, जमल्यास एन-६०० हा फॉर्म भरून नागरिकत्वाचं प्रमाणपत्रही घ्या, आणि आई किंवा वडिलांच्या प्रमाणपत्राची प्रत मुलाकडे द्या.

पोलिसांचा व्हिडिओ काढता येतो का?

सार्वजनिक जागी, अंतर ठेवून, कामात अडथळा न आणता काढता येतो. अनेक फेडरल अपील न्यायालयांनी तो पहिल्या घटनादुरुस्तीचा हक्क मानला आहे. मागे व्हायला सांगितलं तर मागे व्हा आणि काढत राहा. अटक झालीच तर फोनमधला मजकूर पाहायला पोलिसांना वॉरंट लागतं, हा २०१४ चा निकाल. विमानतळावर परदेशातून उतरताना मात्र हे संरक्षण पातळ होतं.

हक्काचा भंग झाला तर भरपाई मिळते का?

कोणी केला यावर आहे, आणि यातली विसंगती मला सर्वांत खटकते.

शहराचा पोलीस किंवा शेरीफचा माणूस असेल तर १८७१ च्या नागरी हक्क कायद्याखाली, वकिलांच्या भाषेत ‘सेक्शन १९८३’ खाली, दावा लावता येतो. ‘क्वालिफाइड इम्युनिटी’ नावाची ढाल त्यांच्याकडे असते (स्पष्टपणे प्रस्थापित झालेला हक्क मोडला नसेल तर अधिकाऱ्याला व्यक्तिशः भरपाई द्यावी लागत नाही), पण रस्ता आहे. फेडरल अधिकाऱ्यासाठी तसा कायदा काँग्रेसने केलेलाच नाही. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक वाट काढून दिली होती, ती पुढे अरुंद होत गेली आणि २०२२ च्या एगबर्ट खटल्यानंतर जवळजवळ बुजली. उरतो तो ‘फेडरल टॉर्ट क्लेम्स ॲक्ट’, म्हणजे अधिकाऱ्यांच्या चुकीबद्दल खुद्द केंद्र सरकारकडे भरपाई मागण्याचा कायदा. त्यात आधी त्या खात्याकडे दोन वर्षांच्या आत लेखी दावा करावा लागतो.

आता २८७(जी) करार आठवा. कराराखाली काम करणारा शेरीफचा माणूस जबाबदारीच्या बाबतीत फेडरल अधिकाराखाली वागत होता असं मानावं, हे त्याच कलमात लिहिलेलं आहे. म्हणजे तोच माणूस, तोच गणवेश, तोच रस्ता, पण प्रश्न इमिग्रेशनचा असला की तुमच्या हातातली ताकद कमी. नावं, बॅज क्रमांक, वेळ, गाडीचे नंबर, साक्षीदार हे सगळं त्याच दिवशी लिहून काढा. दाव्यात पहिला झगडा ‘अधिकारी नेमके कोणाचे होते’ यावरच होतो.

मग कायदा राबवायचाच नाही का?

राबवायचा. सीमा आणि व्हिसाचे नियम ठरवणं हा कुठल्याही देशाचा अधिकार आहे, आणि वर्षानुवर्षं रांगेत थांबलेल्या भारतीयांना ‘नियम पाळणारे मूर्ख का?’ असं वाटतं, तेही समजण्यासारखं आहे. ग्रीन कार्डाची वाट पाहण्यात ज्यांची उमेद गेली त्यांच्यापुढे हक्कांवर प्रवचन देण्यात अर्थ नाही.

पण राबवण्याच्या पद्धतीत निवड असते. न्यायाधीशाच्या सहीचं वॉरंट घेऊन नावानिशी माणूस शोधणं याला वेळ लागतो, पण त्यात नागरिक सापडत नाहीत. प्रत्येक थांबवण्याचं कारण तिथल्या तिथे लिहून ठेवणं अवघड नाही. नागरिकत्वाचा दावा करणाऱ्याला कोठडीत टाकण्याआधी त्याची शहानिशा वकिलांकरवी करायची, असा आइसचाच २०१५ चा लेखी आदेश आहे. तो प्रत्येक अटकेच्या वेळी पाळला, तरी गाओच्या अहवालातले आकडे बरेच खाली येतील. अटकेचे रोजचे उद्दिष्ट वरून ठरलं की मात्र पहिला बळी या शहानिशेचा जातो, कारण तिला वेळ लागतो आणि तिच्यातून आकडा वाढत नाही.

आईबाबा सहा महिन्यांसाठी आले आहेत. त्यांना काय सांगून ठेवू?

पासपोर्ट आणि आय-९४ यांची प्रत बाहेर पडताना खिशात असू द्या. आय-९४ विमानतळावर हातात मिळत नाही, वेबसाइटवरून छापून घ्यावा लागतो, आणि परत जायची तारीख तीच खरी, व्हिसावरची नव्हे. फिरायला गेल्यावर कुणी अधिकाऱ्याने विचारलं तर पळू नका, खोटं सांगू नका, न कळणाऱ्या इंग्रजी कागदावर सही करू नका. भाषांतर करणारा मागा. तुमचा फोन नंबर त्यांना पाठ असायला हवा, कारण मोबाइल काढून घेतात. इमिग्रेशन न्यायालयात वकील नेमता येतो, पण सरकार फुकट देत नाही. आणि १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार अटक झालेल्या भारतीय नागरिकाला भारतीय वकिलातीशी संपर्क मागण्याचा हक्क आहे. तो सहसा मागितल्यावरच मिळतो, म्हणून मागायला सांगा.